आक्रमक मासे खाऊन संपतील का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही गोड्या पाण्यातील आक्रमक परकीय माशांविषयी लिहिले होते. माणसाने शेतीसाठी, शिकारीच्या हौसेसाठी किंवा काचेच्या टाकीत पाळण्यासाठी दूरदेशी नेलेले काही मासे तेथील नद्यांत आणि सरोवरांत सुटतात, बेसुमार वाढतात आणि मूळच्या जातींना हुसकून लावतात, असा त्या लेखाचा विषय होता. हे मासे पकडून खावेत ही सूचना अनेक देशांत केली जाते, असा ओझरता उल्लेखही त्यात होता. आलेली बहुतेक पत्रे त्या एका वाक्याला धरूनच आहेत, म्हणून या वेळचा स्तंभ त्यासाठीच राखला आहे.

प्रश्न : माणसाने कितीतरी जातींचे मासे खाऊन जवळजवळ नामशेष केले आहेत. मग नको असलेला मासा आपण सर्वांनी मिळून खाल्ला, तर तोही का संपणार नाही?

उत्तर : हा तर्क प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो; पण जे मासे खाण्यामुळे संपत आले आणि जे आक्रमक ठरले, त्यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. स्टर्जनचे उदाहरण घ्या. तो वयात यायला बरीच वर्षे घेतो आणि त्याच्या गाबोळीला इतकी किंमत मिळते की मासा जितका दुर्मीळ होतो, तितका तो शोधून काढणे अधिक किफायतशीर ठरते. आक्रमक मासे नेमके याच्या उलट असतात. ते लवकर वयात येतात आणि विपुल प्रजनन करतात. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, या जातीची मोठी मादी एका हंगामात दहा लाखांहून अधिक अंडी घालू शकते. तिलापिया मोजकीच अंडी घालतो, परंतु त्याची मादी ती अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे त्यांतील बरीच जगतात.

दुसरी अडचण माशांच्या परस्परसंबंधांत आहे. पुष्कळ जातींमध्ये मोठे मासे आपल्याच जातीची पिल्ले खातात आणि त्यांचे अन्नही बळकावतात. आपण मोठे मासे काढले की पिल्लांच्या डोक्यावरचा हा भार हलका होतो. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅडिरॉन्डॅक भागातील लिटल मूस सरोवरातून 2000 सालापासून स्मॉलमाउथ बास हा बाहेरून आलेला मासा मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आला. मोठे बास कमी झाले आणि सुरुवातीला किनाऱ्यालगतच्या लहान स्थानिक माशांना त्याचा लाभही झाला. पण काही वर्षांनी मोजदाद केली तेव्हा बासची एकूण संख्या वाढलेली आढळली आणि तीत भरणा पिल्लांचा होता. खाण्यासाठी मासे पकडणारा माणूस साहजिकच मोठा मासा निवडतो, आणि म्हणूनच केवळ खवय्यांच्या भरवशावर सोडलेल्या पाण्यात असे घडण्याची शक्यता अधिक असते.

तिसरी अडचण आर्थिक आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मासे भरपूर असतात तोवर जाळे टाकणे परवडते. ते विरळ झाले की तेवढ्याच श्रमात आणि इंधनात हाती कमी येते, आणि पाण्यात पुन्हा वंश उभा करण्याइतके मासे शिल्लक असतानाच धंदा तेथून निघून जातो. निर्मूलनाचे खरे काम तर तेथूनच पुढे सुरू व्हायचे असते.

म्हणून पकडणे व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात लेक ट्राउट हा बाहेरचा शिकारी मासा असल्याची खात्री 1994 साली झाली. त्याने तेथील मूळच्या कटथ्रोट ट्राउटची दाणादाण उडवली. कटथ्रोट अंडी घालण्यासाठी उथळ ओढ्यांत चढतो, त्यामुळे अस्वले, पाणमांजरे आणि मासेमार पक्षी त्याच्यावर जगत होते. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यातच राहतो, म्हणून त्या प्राण्यांना तो कटथ्रोटची जागा भरून देऊ शकत नाही. तेथे वर्षानुवर्षे जाळी लावून 40 लाखांहून अधिक लेक ट्राउट काढण्यात आले. साधारण 2012 नंतर त्यांची संख्या उतरणीला लागली आणि कटथ्रोट पुन्हा दिसू लागले. हौशी मासेमारांना तेथे पकडलेला लेक ट्राउट मारण्याचे बंधन आहे, आणि त्यांनी तो घरी नेऊन खाण्यास काहीच हरकत नाही. परंतु जाळ्यांत मेलेल्या माशांपैकी बहुतेक सरोवराच्या खोल भागातच बुडवले जातात, म्हणजे त्यांतील पोषकद्रव्ये त्याच पाण्यात राहतात. हे काम बाजारभावावर अवलंबून नव्हते. मासे विरळ झाले तरी जाळी लागत राहिली, आणि यश आले ते त्यामुळे.

प्रश्न : पण अशा माशाला चांगली बाजारपेठ मिळाली, तर मच्छीमारांचे पोट भरेल आणि नदीही सावरेल. यात तोटा कोणता?

उत्तर : तोटा असा की ज्या माशावर हजारो घरे चालू लागतात, तो मासा संपावा असे त्यानंतर कोणालाच वाटत नाही. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात 1950 च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला आणि 1980 च्या दशकात त्याची संख्या एकदम उसळली. त्या सरोवरात सिक्लिड कुळातील शेकडो छोट्या जाती होत्या, जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या. त्यांपैकी सुमारे 200 जाती नाहीशा झाल्या किंवा नाहीशा होण्याच्या बेताला आल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नाईल पर्च हा एकच दोषी नव्हता, काठावरून येणारा गाळ आणि सांडपाणी यांचाही त्यात वाटा होता; तरीही एका माशाने एवढा जैववैभवाचा ठेवा पोखरावा ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

त्याच वेळी नाईल पर्चच्या मांसाचे कारखाने काठावर उभे राहिले, ते मांस युरोपात जाऊ लागले आणि मोठा रोजगार निर्माण झाला. लहान सिक्लिड उन्हात वाळवता येत असत. नाईल पर्च तेलकट असल्याने तो टिकवण्यासाठी धूर द्यावा लागतो, म्हणून लाकूडतोडही वाढली. पुढे अतिमासेमारीमुळे 1990 च्या दशकात नाईल पर्च कमी होऊ लागला, तसे काही सिक्लिड पुन्हा दिसू लागले. पर्यावरणाच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती, परंतु धंद्यासाठी ते संकट होते. त्यामुळे 50 सेंटीमीटरपेक्षा लहान नाईल पर्च पकडू नये असे नियम झाले, म्हणजे बाहेरून आणलेल्या माशाचे कायद्याने जतन सुरू झाले. त्या मच्छीमारांना मी दोष देणार नाही. मात्र जिथे बाजारपेठ नव्याने उभी करायची आहे, तिथे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे की हा व्यवसाय तात्पुरता आहे, त्याच कारखान्यात पुढे दुसरे मासे घेता आले पाहिजेत आणि त्या जातीचे मत्स्यबीज कोठेही सोडले जाणार नाही.

यापेक्षा एक सरळ धोकाही आहे. 2002 साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन येथील तळ्यात मरळीच्या कुळातील नॉर्दर्न स्नेकहेड हा आशियाई मासा सापडला. चौकशीत असे निष्पन्न झाले की एका माणसाने खाण्यासाठी जिवंत विकत घेतलेले दोन मासे शेवटी त्या तळ्यात सोडून दिले होते. विष घालून ते तळे साफ केल्यावर हजाराहून अधिक पिल्ले मिळाली. खाण्यासाठी जिवंत मासे इकडून तिकडे नेणे ही आक्रमणाची एक वाटच आहे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

प्रश्न : गळाला असा मासा लागला तर तो पाण्यात परत सोडावा की मारावा?

उत्तर : ओळख पक्की असेल आणि तेथील कायदा तसे सांगत असेल, तर परत सोडू नये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियासारख्या राज्यांत पकडलेला कार्प जिवंत परत सोडणे हा गुन्हा आहे. याउलट काही ठिकाणी तोच मासा संरक्षित किंवा परवान्याखाली असू शकतो, म्हणून गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचे नियम वाचावेत.

ओळख पक्की असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण घाईत स्थानिक मासाच मारला जातो. उत्तर अमेरिकेतला बोफिन हा तेथील मूळचा मासा पाहताक्षणी स्नेकहेडसारखा वाटतो. दोघांच्याही पाठीवर लांबच लांब पर असतो. फरक पोटाकडच्या मागील पराचा, म्हणजे गुदपराचा: स्नेकहेडचा गुदपर लांब असतो आणि बोफिनचा आखूड. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. गवत्याला, म्हणजे ग्रास कार्पला, मिशा नसतात. चंदेऱ्याचा, म्हणजे सिल्व्हर कार्पचा, डोळा इतका खाली असतो की मासा उलटा धरला आहे की काय असे वाटावे. लहान पिल्लांत या खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून पिल्लांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. शंका राहिली तर छायाचित्र काढून मत्स्य विभागाला दाखवावे.

प्रश्न : चंदेरा गळाला लागत नाही असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. तो पाणी गाळून त्यातील प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगतो, त्यामुळे गांडूळ किंवा पिठाची गोळी यांत त्याला रस नसतो. म्हणून तो जाळ्याने पकडतात, आणि अमेरिकेत दोरी बांधलेल्या बाणानेही मारतात. नावेच्या यंत्राच्या आवाजाने दचकून हे मासे पाण्याबाहेर दोन-तीन मीटर उंच उडतात आणि त्यांच्या धडकेने माणसे जखमी झाली आहेत, तेव्हा नावेतून जाताना काळजी घ्यावी.

प्रश्न : कार्प जातीच्या माशांत काटे फार असतात आणि त्यांना चिखलाचा वास येतो. हे दोन दोष घालवता येतात का?

उत्तर : दोन्ही दोषांवर उपाय आहेत, आणि मासा मारून फेकून देण्यापेक्षा ते शिकून घेणे मला केव्हाही बरे वाटते.

कार्पच्या मांसात बरगड्यांखेरीज इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे स्नायूंत रुतलेले असतात. ते एकेक उपटत बसण्यात अर्थ नाही. मांसाच्या पट्टीवर तीन-चार मिलिमीटर अंतरावर कातडीपर्यंत, पण कातडी न कापता, उभे छेद द्यावेत आणि मग ती कडक तळावी, म्हणजे तुकडे झालेले काटे कुरकुरीत होऊन जाणवत नाहीसे होतात. दाबाच्या भांड्यात बराच वेळ शिजवल्यावरही काटे मऊ पडतात. बारीक खिमा करून वड्या करणे हा तिसरा मार्ग. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 2022 साली चंदेरा, गवत्या यांसारख्या कार्पना ‘कोपी’ असे नवे व्यापारी नाव दिले, तेव्हाही भर खिम्याच्या पदार्थांवरच होता. चव म्हणाल तर चंदेऱ्याचे मांस पांढरे आणि सौम्य असते. चिखलात तोंड घालणाऱ्या सायप्रिनसशी त्याची गल्लत करून लोक त्याला उगाच नाकारतात.

चिखलाचा वास प्रत्यक्षात चिखलाचा नसतो. निळे-हिरवे शैवाल आणि काही जिवाणू जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या मेदात साठते, आणि माणसाच्या नाकाला त्याचा लवलेशही कळतो. कातडी, पोटाकडचा मेद आणि दोन्ही कुशींवरची गडद तांबडी पट्टी काढून टाकली की बराचसा वास जातो. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर यांच्या आंबटपणाने जिऑस्मिनचे विघटन होते, तेव्हा थोडा वेळ त्यांत मुरवणे उपयोगी पडते. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात जिवंत ठेवला तर वास निघून जातो, हेही खरे आहे. पण आक्रमक मासा जिवंत नेणे आणि साठवणे अनेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि जिथे कायदा गप्प आहे तिथेही मी तो मार्ग सुचवणार नाही. मासा पकडल्याबरोबर डोक्यावर नेमका जोरदार आघात करून मारावा, कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि लगेच बर्फात ठेवावा. याने माशाचे हाल कमी होतात आणि मांसही चांगले राहते.

प्रश्न : नदीतला असा मासा खाणे आरोग्याला सुरक्षित आहे का? काही ठिकाणी तो कच्चा किंवा अर्धा शिजवूनही खातात.

उत्तर : कच्चा खाऊ नये, आणि हे उत्तर मी कोणत्याही सवलतीशिवाय देत आहे. कार्प कुळातील माशांत यकृतकृमींच्या अळ्या असू शकतात. त्यांपैकी ऑपिस्थोर्किस व्हिवेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिस हे दोन कृमी पित्तमार्गाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना सिद्ध कर्ककारकांच्या गटात ठेवले आहे. मरळीच्या कुळातील माशांतून नॅथोस्टोमा हा कृमी माणसाच्या शरीरात शिरतो आणि कातडीखाली, क्वचित डोळ्यांत किंवा मेंदूतही, फिरत राहतो. लिंबाचा रस, मीठ किंवा मसाला यांत मुरवल्याने या अळ्या मरतील असा भरवसा धरता येत नाही. मांसाचा गाभा 63 अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. गोठवायचा असेल तर उणे 20 अंशांवर सलग सात दिवस ठेवावा लागतो, आणि घरातील अनेक शीतपेट्या तेवढे तापमान टिकवू शकत नाहीत.

दुसरा प्रश्न प्रदूषणाचा. पारा अन्नसाखळीत वर चढत जातो, म्हणून दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या, म्हाताऱ्या माशांत तो सर्वाधिक असतो; प्लवक खाणाऱ्या चंदेऱ्यात तो सहसा कमी सापडतो. पारा स्नायूंत असल्यामुळे कापून किंवा शिजवून जात नाही. मेदात साठणारी औद्योगिक विषद्रव्ये मात्र कातडी आणि चरबी काढल्याने बरीच कमी होतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना मोठा शिकारी मासा देऊ नये. पाण्यावर शैवालाचा हिरवा थर आला असेल तर तेथला मासा कोणीच खाऊ नये, कारण त्या शैवालाचे विष माशाच्या यकृतात साठते आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. कारखान्यांचे सांडपाणी मिळणाऱ्या नदीतून आक्रमक मासे जरूर काढावेत, पण ते खतासाठी द्यावेत. ऑस्ट्रेलियात कार्पपासून खत बनवतात.

काही अवयव पूर्णपणे वर्ज्य समजावेत. गवत्या आणि त्याच्या जवळच्या कार्प जातींचे पित्त विषारी असते. आशियात काही लोक ते औषध म्हणून गिळतात आणि त्यातून यकृत व मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. उष्णतेनेही हे विष जात नाही, म्हणून मासा साफ करताना पित्ताशय फुटू देऊ नये. अमेरिकेतून हौसेखातर आशियात पोहोचलेला लांब जबड्याचा अ‍ॅलिगेटर गार आता तेथील काही पाणसाठ्यांत सापडतो. त्याचे मांस खाता येते, परंतु त्याची अंडी विषारी असतात. गाबोळी आवडीने खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

प्रश्न : मासा काही स्वतःहून आलेला नाही. माणसाने आणले आणि आता माणूसच त्याला शत्रू ठरवून मारतो. हे अन्यायाचे नाही का?

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे आणि शत्रू हा शब्द मीही वापरू इच्छित नाही. यलोस्टोनमध्ये जो लेक ट्राउट मारला जातो, तोच उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांतील मूळ रहिवासी आहे. तेथे बाहेरून आलेल्या लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या माशाने त्याची दुर्दशा केली आणि त्याला परत उभे करण्यासाठी कित्येक दशके प्रयत्न झाले. चंदेऱ्याच्या मूळ प्रदेशातील यांगत्से नदीत मासळी इतकी घटली की 2021 पासून तेथे दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली. म्हणजे दोष जातीचा नसून ती चुकीच्या पाण्यात असण्याचा आहे. परंतु ज्या सिक्लिडला दुसरे घर नाही, ज्या कटथ्रोटवर इतके प्राणी जगतात, त्यांचे रक्षण न करणे हाही अन्यायच आहे, आणि तो भरून काढता येत नाही. म्हणून मारणे आवश्यक असेल तिथे ते कमीत कमी वेदना देऊन करावे, आणि मारलेला मासा शक्य तेथे अन्न म्हणून वापरावा. छायाचित्रासाठी ढीग रचून मासे काठावर तडफडत टाकणे मला कोणत्याही कारणाने योग्य वाटत नाही.

प्रश्न : घरच्या काचेच्या टाकीत तोंडाने काच चाटणारा सकर मासा आहे. तो फार वाढला आहे. नदीत सोडला तर चालेल का, किंवा खाता येईल का?

उत्तर : नदीत, तलावात किंवा विहिरीत कदापि सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा चिलखती मासा अशाच सोडलेल्या माशांपासून मेक्सिको, फिलिपाइन्स, बांगलादेश, भारत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला आहे. तो अंडी घालण्यासाठी काठात बिळे खणतो आणि त्याने काठ ढासळतात. त्याच्या हाडांच्या खरखरीत आवरणाने मच्छीमारांची जाळी फाटतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तो खाल्ला जातो, परंतु चिलखत काढल्यावर मांस थोडेच उरते, आणि टाकीत औषधे घातली गेली असतील तर तो मुळीच खाऊ नये. विक्रेत्याकडे परत द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यावा; तेही जमले नाही तर पशुवैद्यकाला विचारून त्याला वेदनारहित मरण द्यावे. टाकीचे पाणी आणि वनस्पतीही ओढ्यात ओतू नयेत, कारण त्यांत अंडी आणि गोगलगायी असू शकतात.